ताटातला दोष कोणाचा?



दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी मी नेहमीप्रमाणे घरोघर फिरत होतो. एका घरी नुकतेच इस्पितळातून परतलेले एक काका होते. वय अठ्ठावन्न. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. प्रार्थना झाली, कम्युनियन झाले. मी पुस्तक मिटत होतो तेवढ्यात काका म्हणाले, "फादर, एक विचारू? हे माझं मीच केलं. डॉक्टर बारा वर्षं सांगत होते, मी ऐकलं नाही. हे पाप झालं का?"

मी लगेच म्हणालो, "छे छे काका, असलं काही मनात आणू नका. आजार आहे तो. देवावर भरवसा ठेवा."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. सोबत केकचे दोन तुकडे आणि खारी. "घ्या फादर, किती दिवसांनी आलात." मी घेतले. मी खात होतो आणि काका माझ्या बशीकडे पाहत होते.

स्कूटरवरून परत येताना माझे मलाच वाईट वाटू लागले. एका माणसाने आयुष्यातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न मला विचारला होता आणि रडणाऱ्या मुलाच्या हातात गोळी ठेवावी तसे मी त्यांना गप्प केले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, परीक्षेत संयमाच्या सद्गुणावर पानेच्या पाने लिहिली, पण पाय गमावलेल्या माणसाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तो प्रश्न आज तुमच्यापुढे मांडत आहे. काकांची तशी परवानगी घेतली आहे. नाव मात्र लिहीत नाही. पुढच्या महिन्यात आपल्या चर्चचा सण आहे आणि जेवणात काय काय करायचे याची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे. त्यामुळे ही वेळही योग्य आहे असे वाटते.

शरीरात काय घडते?

आधी साधी माहिती घेऊ. भात, पाव, बटाटा, साखर यांपैकी काहीही खाल्ले तरी पोटात त्याची शेवटी साखर होते आणि ती रक्तात उतरते. रक्तातून ती पेशींमध्ये जावी म्हणून आपल्या स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. मैदा आणि साखर चटकन पचतात, त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढते. डाळी, पालेभाज्या, हातसडीचा तांदूळ यांनी ती हळूहळू चढते. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त खाल्ले आणि अंग हलवले नाही, तर जास्तीची चरबी पोटाभोवती आणि यकृतात साठते. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहते आणि एक दिवस तेही थकते.

यात काही दुखत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. दात किडला तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी डॉक्टरकडे जातो. साखर मात्र गुपचूप काम करते. डोळ्यांतल्या, मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पायाच्या नसा बधिर होतात. काकांच्या तळपायात काटा रुतला होता, पण दोन दिवस त्यांना तो कळलाच नाही. मोजे काढताना रक्त दिसले तेव्हा कळले.

मिठाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. ५ ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. त्यात आपले लोणचे, पापड, सुके बोंबील आणि वेफर्सचे पाकीट सगळे आले. जास्तीच्या मिठाने रक्तदाब वाढतो आणि तोही न बोलता वाढतो.

ही आपल्याच आळीची व्यथा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. देशातल्या आजारांच्या एकूण भारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असा अंदाज त्यात दिला आहे.

आता माझेच सांगतो. गेल्या वर्षी तपासणीला जाण्याआधी तीन दिवस मी शहाण्यासारखे जेवलो. भाजी, डाळ, एक चपाती. उपाशीपोटीची साखर बरी आली आणि मी खूश झालो. डॉक्टर हसून म्हणाले, "फादर, ही तपासणी मला फक्त आजची सकाळ सांगते. मला तुमचे तीन महिने बघायचे आहेत." त्यांनी एचबीए१सी नावाची तपासणी लिहून दिली. आपल्या तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. रक्तात जितकी साखर फिरते तितकी ती या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब एका थेंबात दिसतो. माझा आकडा ६.१ आला. ५.७ पासून ६.४ पर्यंत उंबरठा आणि त्यापुढे मधुमेह. म्हणजे मी उंबरठ्यावर.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. घरांना आशीर्वाद देण्याच्या दिवसांत संध्याकाळी सहा घरे धरली आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे झाले, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घेतलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याचा अर्थ होतो. माझा दिवसाचा सगळा वाटा चहातच संपत होता. केक, जेलीबिस्किट आणि बर्फी त्यावर.

"माझे शरीर, मी काहीही करीन"

काकांच्या प्रश्नाला एक उत्तर असे मिळेल की, खाणेपिणे हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. कोणाची चोरी केली नाही, कोणाला फसवले नाही, मग त्यात नीती-अनीती कुठे आली?

हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण काकींना विचारून पाहा. रोज दोनदा ड्रेसिंग त्या करतात. रात्री काकांना उठवून बसवतात. मुलीने नोकरीतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. धाकट्याच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली. ज्या शरीराला काका "माझे" म्हणत होते, त्याच्यावर किती जणांचा हक्क होता हे पाय गेल्यावर कळले.

संत पौल करिंथकरांना लिहितो की तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि तुम्ही स्वतःचे नाही. आपण हे वचन सहसा एकाच आज्ञेच्या संदर्भात ऐकतो. पण मंदिर फक्त विटाळल्याने बिघडत नाही, डागडुजी न केल्यानेही पडते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (क्र. २२८८) जीवन आणि आरोग्य ही देवाने आपल्याकडे सोपवलेली देणगी म्हटली आहे. इतरांच्या गरजा आणि सर्वांचे हित लक्षात घेऊन तिची वाजवी काळजी घ्यावी, असे तिथे सांगितले आहे. सोपवलेली वस्तू आणि मालकीची वस्तू यांत फरक असतो. वाडी आजोबांनी आपल्या नावे केली तरी ती नातवांसाठी राखायची असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शरीराचेही तेच. आपण त्याचे मालक नाही, विश्वस्त आहोत.

तेव्हा हा प्रश्न नीतीचा आहे. काकांना "असलं मनात आणू नका" असे म्हणणे ही माझी चूकच झाली.

खादाडपणा म्हणजे काय?

मग दुसरे टोक. हे पाप आहे, सात मूळ पापांपैकी खादाडपणाचे पाप आहे, असे सरळ सांगून टाकावे का? इथे घाई करू नये. आपले पूर्वज याबाबतीत आपल्यापेक्षा सूक्ष्म विचार करत होते.

थोर पोप संत ग्रेगरी (पोपपदाचा काळ ५९० ते ६०४) यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ते उचलून धरले. वेळेआधी खाणे, महागड्या पदार्थांच्या मागे लागणे, फार खाणे, अधाशासारखे खाणे आणि चोचले पुरवून घेत खाणे. पाहा, पाचांपैकी एकच प्रकार किती खाल्ले याचा आहे. बाकीचे चार कसे खाल्ले याचे आहेत. शुक्रवारी मटण नको म्हणून पापलेट आणि मोठी कोलंबी आणून आपण जी मेजवानी करतो, ती यातल्या कोणत्या प्रकारात बसते हे ज्याने त्याने ठरवावे.

संत थॉमस आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगतात. आपल्याला एवढ्या अन्नाची गरज आहे असे समजून, अनुभव नसल्यामुळे, कोणी जास्त खाल्ले तर तो खादाडपणा नव्हे. जिभेच्या सुखासाठी, जास्त होते आहे हे कळत असताना खाल्ले तर तो खादाडपणा. म्हणजे दोष अन्नात नाही आणि नुसत्या प्रमाणातही नाही, तो इच्छेत आहे.

आणि योग्य प्रमाण तरी कोणते? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात मध्यममार्ग समजावताना जेवणाचाच दाखला दिला आहे. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून तालमीचा उस्ताद सर्वांना सहा माप अन्न वाढत नाही. मायलो नावाच्या प्रसिद्ध पैलवानाला ते कमी पडेल आणि नवख्या पोराला जास्त होईल. मध्य हा आकड्यांचा नसतो, माणसाचा असतो.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवतात. पहाटे चारला उठून ते रहाटाला जनावर जुंपत. केळीला पाणी, भाजीला पाणी, मग टोपली डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत पायी. दुपारी त्यांच्या ताटात भाताचा डोंगर असे आणि त्यावर माशाचे कालवण. त्यांना ते पचत होते, किंबहुना लागत होते. आज त्यांचा पणतू सकाळच्या लोकलने चर्चगेटला जातो, दिवसभर खुर्चीत बसतो, रात्री नऊला घरी येतो. त्याची आजी मायेने त्याच्यापुढे तोच डोंगर वाढते. ताट तेच राहिले, ताटापुढचा माणूस बदलला. यात खादाड कोण? मला तरी कोणी दिसत नाही. तरी पोराला चाळिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

दुसऱ्याच्या पोटाकडे पाहू नका

इथेच एक इशारा द्यायला हवा. असा विषय निघाला की आपण लगेच शेजाऱ्याच्या पोटाकडे पाहतो. "त्याला साखर होणारच, कसा खातो बघितलंस का?" असे म्हणताना फार सावध राहावे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघेही अंगाने सडपातळ. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर मातांचा अभ्यास डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून केला. तिथल्या बाळांचे जन्मतः सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. आईच्या पोटात असताना जे कमी पडले त्याचा परिणाम मूल मोठे झाल्यावर, त्याला भरपूर खायला मिळू लागल्यावर दिसतो.

याचा अर्थ असा की आज ज्याला मधुमेह झाला, त्याच्या शरीरात त्याच्या आईची आणि आजीची उपासमारही असू शकते. सडपातळ माणूस सुटला असे नाही आणि जाडा माणूस अपराधी असेही नाही. संत थॉमस स्वतः अंगाने चांगलेच स्थूल होते असे परंपरा सांगते. आणि प्रभू येशू जकातदारांबरोबर जेवायला बसायचा, तेव्हा लोकांनी त्यालाच खादाड आणि दारुडा म्हटले होते, हेही विसरू नये.

गरिबीचाही विचार हवा. पाच-दहा रुपयांत पोराचे तोंड बंद करणारे पाकीट प्रत्येक नाक्यावर मिळते. दिवसभर धुणीभांडी करून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या आईने त्याऐवजी फळे आणावीत असा उपदेश करणे सोपे आहे. फळांचा भाव तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

आग्रह

मग दोष कोणाचा? विचार करता करता मी माझ्या बशीपाशी येऊन थांबलो. त्या दिवशी काकांसमोर मी जो केक खाल्ला तो मला हवा होता का? खरे सांगायचे तर नको होता. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा मला पाठ होता. पण नको म्हटले तर काकींना काय वाटेल? "आमच्याकडचं चालत नाही का फादर?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की ते बोलले जाण्याआधीच माझा हात बशीकडे जातो.

आपल्याकडे प्रेमाचे एक नाव आग्रह असे आहे. "माझ्या गळ्याची शपथ, एवढं एक घ्या." त्यामागचा इतिहास मला कळतो. आपल्या आजी-आजोबांनी टंचाई पाहिली, रेशनच्या रांगा पाहिल्या. ज्या घरात तांदूळ मोजून शिजत होता, त्या घरात पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढणे हे मोठे मन होते. केक नाताळात, इंद्याल आणि फुगे सणाला किंवा लग्नाला. वर्षातले बाकीचे दिवस भाजी, डाळ, मासळी आणि पेज. सण आणि उपवास, दोन्ही आपल्या पंचांगात होते आणि एकाने दुसऱ्याला तोलून धरले होते.

आता केक रोज मिळतो, लग्ने डिसेंबरात आठवड्याला तीन असतात, वाढदिवस बारा महिने. सण आपण वाढवत नेले आणि उपवास सोडून दिले. आग्रह मात्र टंचाईच्या काळातलाच राहिला. ज्या माणसाला एका घासाने बरे वाटत होते, त्याच माणसाला आज तोच घास आजारी पाडतो. आणि वाढणारा हात प्रेमाचा असल्यामुळे नाही म्हणण्याची हिंमत कोणाला होत नाही.

करिंथच्या मंडळीला पौल रागावला तो याच ठिकाणी. प्रभुभोजनाला एकत्र जमून कोणी पोटभर खातो-पितो आणि कोणी उपाशी राहतो, हे त्याला सहन झाले नाही. त्याने एकेकट्याचे ताट तपासले नाही, त्यांचे एकत्र जेवणे तपासले. आपल्याकडे आज प्रश्न उलटा आहे. आपल्या पंगतीत उपाशी कोणी राहत नाही, पण ज्याला साखर वर्ज्य आहे त्याच्यासाठी पंगतीत जागाच नाही. त्याने एकतर नियम मोडावा किंवा कोपऱ्यात ताट घेऊन खुलासे देत बसावे. "एक दिवसाने काय होतंय?" असे आपण त्याला म्हणतो. प्रत्येक घरात एक दिवस. अशा एक-एक दिवसांची बेरीज काकांच्या पायात झाली, आणि त्या बेरजेत आपण सगळे होतो. मीसुद्धा होतो. आजारी पडण्याआधी काका माझ्याबरोबर कितीतरी लग्नांत पंगतीला बसले होते. त्यांना साखर आहे हे मला माहीत होते. "काका, आज एक गुलाबजाम चालेल हो," असे मीच हसत हसत म्हणालेलो मला आठवते.

कळते पण वळत नाही

हे सगळे कळून काय उपयोग, असे कोणी विचारेल. तो प्रश्नही जुना आहे. सॉक्रेटिसचे म्हणणे होते की चांगले काय हे ज्याला खरोखर कळले तो वाईट करणारच नाही. आपले लोक एका वाक्यात त्याला उत्तर देतात: कळते पण वळत नाही. संत पौलाने रोमकरांना लिहिताना हीच कबुली दिली आहे, की जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात खाण्याच्या मोहाविषयी लिहिले आहे. शरीराची गरज मागते आहे की जीभ मागते आहे हे कळेनासे होते आणि मनाला ते न कळणेच आवडते, कारण त्यामुळे सबब मिळते. दीड हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण वाचताना मला आपले लग्नाचे जेवण डोळ्यापुढे दिसते.

ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की सद्गुण नुसता कळून येत नाही, तो करून करून अंगी मुरतो. एका दिवसाच्या निग्रहाला तो सद्गुण म्हणत नाही. मला इथे ती तीन महिन्यांची तपासणी आठवते. तीन दिवस शहाण्यासारखे वागून मी डॉक्टरांना फसवू पाहत होतो, पण रक्ताने खरे ते सांगितले. आध्यात्मिक जीवनातही आपण अनेकदा उपाशीपोटीची साखर दाखवतो. रक्षा बुधवार आणि पवित्र शुक्रवार कडक पाळतो आणि मधले, पुढचे, मागचे दिवस मोकळे सोडतो.

ख्रिस्तसभेने उपवासाचा नियम किती हलका ठेवला आहे पाहा. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांसवर्ज्य पाळावे. अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत वर्षातून दोन दिवस उपवास. आजाऱ्यांना सूट. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहूच नये, त्यात पुण्य नाही. नियम हलका आहे, कारण तो शिक्षा म्हणून दिलेला नाही, सराव म्हणून दिला आहे. आपल्या इच्छेला "थांब" म्हणता येते आणि ती थांबते, एवढा अनुभव माणसाला यावा म्हणून.

आणखी एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की फादरांनी खाण्याचा आनंदच बंद केला. अन्नाचा आनंद न वाटणे हाही संत थॉमस यांच्या मते दोषच आहे. शरीराला देव मानून आरशापुढे तासन्‌तास घालवणे धर्मशिक्षणग्रंथाला मान्य नाही. याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूने सर्वांत आधी तिला खायला द्या असे सांगितले. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी दमलेल्या शिष्यांसाठी त्याने निखाऱ्यावर मासे भाजले. ज्याने आपल्या हाताने न्याहारी केली त्या प्रभूला आपल्या जेवणाचा हेवा नाही. पण पाहा, त्याने त्यांना हवे होते ते, हवे होते तेव्हा दिले. तोही पाहुणचारच होता.

काकांना दिलेले उत्तर

मागच्या पहिल्या शुक्रवारी मी पुन्हा काकांकडे गेलो. कम्युनियन झाल्यावर मीच विषय काढला. म्हणालो, "काका, तुम्ही विचारलं होतं ना, हे पाप झालं का? त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही. कळत असून दुर्लक्ष केलंत, तेवढा दोष तुमचा आहे. त्याबद्दल देवापाशी क्षमा मागा, ती मिळेल. पण सगळा दोष तुमचा नाही. काही तुमच्या जन्माआधीचा आहे, काही बाजाराचा आहे आणि काही आमचा आहे, तुम्हाला आग्रह करणाऱ्यांचा."

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मला हलकं नाही वाटलं. आज वाटतंय." जबाबदारी काढून घेतली की माणूस सुटतो असे मला वाटत होते. उलट तिचा योग्य तेवढा वाटा त्याच्या हातात दिला की तो ताठ बसतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग डोळे मिचकावून त्यांनी विचारले, "आणि तुमचा वाटा किती फादर?" माझे उत्तर येण्याआधीच ते स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगं, फादरांचा चहा बिनसाखरेचा कर. आणि केक राहू दे." काकी दारात येऊन माझ्याकडे पाहत राहिल्या. मी मान हलवली. त्या हसल्या. कोणी रागावले नाही. नुसत्या भीतीपोटी मी इतकी वर्षे खात होतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, सणाच्या जेवणाविषयी माझी विनंती लहान आहे. चहा बिनसाखरेचा करून साखर बाजूला ठेवू या, ज्याला हवी तो घेईल. जेवणात एक साधी भाजी आणि डाळ असू दे, म्हणजे पथ्याचा माणूस आपल्याच पंगतीत बसेल. वाढताना "घ्याच" म्हणण्याऐवजी "हवं का?" विचारू या आणि "नको" हे उत्तर एकदाच ऐकून थांबू या. आणि माझ्या घरभेटीत तुमच्याकडे मला पाणी दिलेत तरी तुमचे प्रेम मला पोहोचेल.

काकांसाठी प्रार्थना करा. पुढच्या महिन्यात त्यांना कृत्रिम पाय बसणार आहे आणि सणाच्या मिस्साला चालत यायचे त्यांनी ठरवले आहे. ते येतील तेव्हा त्यांना कोणी लाडू देऊ नका, पुढच्या बाकावर जागा द्या.

प्रभू आपल्या घरांतल्या ताटांना आणि वाढणाऱ्या हातांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
फादर